निकाल न देण्याचे शहाणपण : रोम, १६०७

#थ्रेड

१/
रोम, २८ ऑगस्ट १६०७. संत ऑगस्टीनच्या सणाचा दिवस. पोप पाचवा पॉल याने कार्डिनलांना एकत्र बोलावून एकाच प्रश्नावर त्यांची मते विचारली. जगात जे जे घडते ते ईश्वराच्या योजनेनुसार घडत असेल, तर माणसाच्या इच्छेला स्वातंत्र्य उरते कोठे? या प्रश्नावर दोन पोपांसमोर मिळून ऐंशीहून अधिक बैठका झाल्या होत्या. दोन्ही पक्षांनी कागदांचे ढीग रचले होते. अखेरीस पोपने निकाल दिलाच नाही. चारशेहून अधिक वर्षे उलटली, तरी तो निकाल आजही लागलेला नाही.

२/
हा प्रसंग बहुधा थट्टेनेच सांगितला जातो. रिकामटेकड्या पंडितांनी शब्दांचा कीस काढला आणि भेदरलेल्या पोपने हात झटकले, असा त्याचा सूर असतो. या थ्रेडचे म्हणणे वेगळे आहे. इच्छास्वातंत्र्याच्या प्रश्नावर ख्रिस्ती धर्मसंस्थेने जे अनेक निर्णय घेतले, त्यांतील सर्वांत समंजस निर्णय १६०७ चा होता. तो का, हे समजण्यासाठी आधी मूळ पेच नीट पाहिला पाहिजे.

३/
पेत्राचे उदाहरण घेऊ. येशूने त्याला अटकेपूर्वीच सांगितले होते की, पहाटेचा कोंबडा आरवण्याआधी तू मला तीन वेळा नाकारशील. पेत्राने ते साफ अमान्य केले, आणि त्याच रात्री नेमके तसेच घडले. ईश्वराचे ज्ञान चुकू शकत नाही. मग त्या रात्री अंगणातील शेकोटीपाशी बसलेल्या पेत्राला दुसरे काही बोलता आले असते काय? आले नसते म्हणावे, तर त्याच्या रडण्याला आणि पश्चात्तापाला अर्थ राहत नाही. आले असते म्हणावे, तर ईश्वराचे ज्ञान खोटे पडण्याची शक्यता मान्य करावी लागते. सारा पेच या दोन वाक्यांत सामावलेला आहे.

४/
वादाला पहिल्यांदा धार आली ती पाचव्या शतकाच्या आरंभी. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथील बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याने आपल्या आत्मचरित्रात ईश्वराकडे आज्ञा पाळण्याचे बळही मागितले होते. ब्रिटनहून रोमला आलेल्या पेलेजियस नावाच्या तपस्व्याला ही प्रार्थना खटकली. आज्ञा पाळण्याचे बळही वरूनच यायचे असेल, तर आळशी माणसाला आयती सबब मिळते, असे त्याला वाटले. पेलेजियस हा ढोंगी वा नास्तिक नव्हता. रोमच्या सुखवस्तू ख्रिस्ती समाजाने सदाचाराची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घ्यावी, एवढाच त्याचा आग्रह होता.

५/
ऑगस्टीनचे उत्तर अनुभवातून आले होते. चांगले काय हे कळूनही ते करवत नाही, ही अवस्था त्याने वर्षानुवर्षे भोगली होती. आदमच्या पतनानंतर मानवी इच्छा दुबळी झाली आहे आणि ईश्वरी कृपेवाचून ती चांगल्याकडे वळत नाही, असे त्याने प्रतिपादले. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलेजियसचे मत त्याज्य ठरवले. ५२९ मध्ये ओरांजच्या धर्मसभेने एक पाऊल पुढे टाकले. श्रद्धेचा पहिला अंकुरही कृपेनेच फुटतो, असे तिने म्हटले. मात्र ईश्वर कोणाला पापासाठी नेमून ठेवतो, ही कल्पना तिने ठामपणे फेटाळली. अशा रीतीने मार्गाच्या दोन्ही कडांना कुंपण पडले. मधली वाट कशी चालायची, हे मात्र कोणी सांगितले नाही.

६/
पेचाचा अर्धा भाग एका कैद्याने सोडवला. रोमन सरदार बोएथियस हा ऑस्ट्रोगॉथ राजा थिओडोरिक याच्या दरबारात उच्च पदावर होता. राजद्रोहाच्या आरोपाखाली तो तुरुंगात पडला आणि ५२४ च्या सुमारास मारला गेला. तुरुंगात लिहिलेल्या ‘तत्त्वज्ञानाचे सांत्वन’ या ग्रंथाच्या शेवटच्या भागात त्याने या प्रश्नाला हात घातला. ईश्वर काळाच्या ओघात नाही, त्याच्यापुढे भूत, वर्तमान आणि भविष्य एकाच क्षणी उभे असते, असे तो म्हणतो. म्हणून ईश्वर भविष्य ‘आधी’ जाणत नाही, तो ते पाहतो. आणि पाहण्याने पाहिलेली गोष्ट घडत नसते. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने यालाच वाटेचा दृष्टान्त दिला. वाटेवरून चालणाऱ्याला मागून येणारे दिसत नाहीत, पण उंचावरून पाहणाऱ्याला सारे प्रवासी एकदम दिसतात.

७/
उत्तर देखणे आहे, पण ते अर्धेच आहे. ख्रिस्ती धर्माचा ईश्वर उंचावर बसून रस्ता पाहणारा नुसता साक्षी नाही. रस्ता त्याने बांधला, चालणारे त्याने घडवले, आणि प्रत्येक पाऊल त्याच्या आधारावर पडते, अशी श्रद्धा आहे. ‘ईश्वरी योजना’ या शब्दांत ज्ञानाबरोबर कर्तृत्वही येते. अक्वायनसने त्यावरही उत्तर दिले. ईश्वर प्रत्येक वस्तूला तिच्या स्वभावानुसार चालवतो; दगडाला दगडासारखे आणि स्वतंत्र इच्छेला स्वतंत्र राहू देऊनच. हे ‘कसे’ घडते याची गाठ मात्र त्याने पुढच्यांसाठी ठेवली, आणि तीन शतकांनी त्याचेच अनुयायी तिच्यावर भांडले.

८/
भांडणाला निमित्त झाले ते धर्मसुधारणेच्या वादळाचे. १५२४ मध्ये इरॅस्मसने इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने पुस्तक लिहिले. १५२५ मध्ये मार्टिन ल्यूथरने ‘बंदिवान इच्छे’वरील ग्रंथाने त्याला उत्तर दिले. तारणाच्या बाबतीत मानवी इच्छेला स्वतःचे असे काही करता येत नाही, हे ल्यूथरचे म्हणणे. जानेवारी १५४७ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने कॅथलिक भूमिका मांडली : कृपा आधी येते, पण माणूस तिला होकार देऊ शकतो आणि नकारही देऊ शकतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, एवढे ट्रेंटने सांगितले. त्या एकत्र कशा नांदतात, हा प्रश्न विद्यापीठांकडे गेला.

९/
१५८२ मध्ये स्पेनमधील सालामांका विद्यापीठात प्रुदेन्सियो दे मोन्तेमायोर या जेझुइट पंडिताने एका जाहीर वादसभेत काही विधाने मांडली. डॉमिनिकन प्राध्यापक दोमिंगो बान्येझ याने त्यांना कडाडून विरोध केला. ऑगस्टिनियन कवी-पंडित लुईस दे लेओन मोन्तेमायोरच्या मदतीला धावला. प्रकरण इन्क्विझिशनपर्यंत पोहोचले. वर्गातला वाद धर्मन्यायालयात जाणे ही त्या काळी पोकळ धमकी नसे. याच लुईस दे लेओनने १५७२ पासून जवळजवळ पाच वर्षे इन्क्विझिशनच्या कैदेत काढली होती.

१०/
सहा वर्षांनी, १५८८ मध्ये, लिस्बन येथे एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. कर्ता होता जेझुइट लुईस दे मोलिना. नावातच ग्रंथाचा हेतू होता : ‘कॉनकॉर्दिया’, म्हणजे सुसंवाद. मोलिनाची युक्ती अशी. काय काय शक्य आहे, हे ईश्वर जाणतो. प्रत्यक्षात काय घडेल, हेही जाणतो. या दोहोंच्या मध्ये तिसरे एक ज्ञान आहे : कोणता माणूस कोणत्या परिस्थितीत ठेवला असता स्वेच्छेने काय करील, याचे. हे ‘मध्यज्ञान’. ते हाती ठेवून ईश्वर जग निर्माण करतो. योजना त्याची, निवड माणसाची. आणि दोहोंत विरोध उरत नाही.

११/
मोलिनाच्या पक्षाला बायबलमध्ये एक नामी दाखला सापडला. शौल राजापासून जीव वाचवीत फिरणारा दावीद कईला नगरात थांबला होता. शौल येथे येईल काय, आणि आला तर नगरवासी मला त्याच्या हवाली करतील काय, असे त्याने परमेश्वराला विचारले. दोन्ही प्रश्नांना होकार मिळाला. दावीद नगर सोडून गेला. त्यामुळे शौल आलाही नाही आणि विश्वासघात घडलाही नाही. म्हणजे ईश्वराने सांगितले ते घडणाऱ्या गोष्टीविषयी नव्हते. घडली असती अशा गोष्टीविषयी होते. त्याहून महत्त्वाचे हे की, ते कळल्यामुळे दावीदाला दुसरी वाट धरता आली.

१२/
बान्येझला हे मान्य होण्यासारखे नव्हते. अविला येथील संत तेरेसाचा तो पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू होता. प्रार्थनेतील माणसाची असहायता त्याने जवळून पाहिली होती. त्याचा आक्षेप असा. ‘अमुक परिस्थितीत पेत्र अमुक करील’ हे सत्य कोणी ठरवले? ईश्वराने नव्हे, असे मोलिना म्हणतो; आणि पेत्र तर अजून जन्मलाही नाही. मग ईश्वराच्या इच्छेबाहेरचे, ईश्वराला निमूट स्वीकारावे लागणारे एक सत्य विश्वाच्या आधीच उभे राहते. म्हणून बान्येझचा पक्ष सांगे की, ईश्वर प्रत्येक इच्छेला आतून ‘पूर्वप्रेरणा’ देतो. ती प्रेरणा अचूक फळते आणि तरीही इच्छा स्वतंत्र राहते, कारण इच्छेचे स्वातंत्र्यही ईश्वराचीच देणगी आहे.

१३/
दोन्ही पक्षांची दुखरी नस येथेच उघडी पडते. बान्येझला विचारावे : ज्याला ती अचूक प्रेरणा मिळाली नाही, तो पापात पडला तर दोष कोणाचा? मोलिनाला विचारावे : पेत्र कोठे घसरेल हे जाणून ईश्वराने तीच परिस्थिती निवडली, तर पटावरची मांडणी शेवटी कोणाची? दोघांचीही उत्तरे होती, पण ती प्रतिपक्षाला कधी पटली नाहीत. एकाने ईश्वराचे ईश्वरपण राखले आणि माणसाच्या जबाबदारीपाशी तो अडखळला. दुसऱ्याने माणसाची जबाबदारी राखली आणि ईश्वराच्या सर्वकर्तृत्वापाशी तो अडखळला.

१४/
पुढे वादाने विद्यापीठांची वेस ओलांडली. १५९४ मध्ये वायादोलिद येथे दोन्ही संघांच्या जाहीर वादसभा झाल्या. परस्परांवर पाखंडाचे आरोप होऊ लागले, तेव्हा पोप आठवा क्लेमेंट याने प्रकरण रोमकडे घेतले. १५९८ मध्ये आयोगाने मोलिनाच्या ग्रंथाविरुद्ध मत दिले, आणि फेरविचारानंतरही ते बदलले नाही. पण क्लेमेंटचे समाधान झाले नाही. १६०० मध्ये मोलिना वारला. १६०२ पासून पोप स्वतः बैठकांना बसू लागला. हा प्रश्न निकालात काढू नये, असा सल्ला जेझुइट कार्डिनल रॉबर्ट बेलार्मिन याने त्याला दिला होता. त्याच वर्षी बेलार्मिनची कापुआचा आर्चबिशप म्हणून रोमबाहेर रवानगी झाली. १६०४ मध्ये बान्येझ गेला, १६०५ मध्ये क्लेमेंट गेला. प्रश्न मागे राहिला.

१५/
सप्टेंबर १६०७ च्या आरंभी पाचव्या पॉलचा आदेश दोन्ही संघांना कळवण्यात आला. दोन्ही पक्षांनी आपापले मत बाळगावे आणि शिकवावे. कोणीही दुसऱ्याला पाखंडी म्हणू नये. अंतिम निर्णय रोम योग्य वेळी देईल. स्पेनमध्ये जेझुइटांनी हा आपला विजय समजून आनंदोत्सव केले, कारण मोलिनावर बंदी येणार अशीच सर्वांची अपेक्षा होती. वस्तुतः जिंकले कोणीच नव्हते.

१६/
यावर पहिला आक्षेप असा की, हे शहाणपण नव्हे, हे राजकारण होते. आक्षेपात तथ्य आहे. १६०६ मध्ये पोप आणि व्हेनिसचे प्रजासत्ताक यांच्यात उघड संघर्ष पेटला. जेझुइटांनी पोपची बाजू घेतली आणि व्हेनिसमधून हद्दपारी पत्करली. अशा निष्ठावंत संघाला वर्षभरात दोषी ठरवणे पोपला जड गेले असणारच. मात्र एखाद्या निर्णयामागचे हेतू मिश्र असले म्हणून निर्णय वाईट ठरत नाही. इतिहासात शुद्ध हेतूंनी घेतलेले घातक निर्णय विपुल आहेत. निर्णयाची पारख त्याच्या परिणामांवर करावी लागते, आणि त्यासाठी तुलनेला एक प्रकरण हाताशी आहे.

१७/
याच वर्षांत, हाच प्रश्न, हॉलंडमध्ये. लायडन विद्यापीठातील प्राध्यापक याकोबस आर्मिनियस (मृत्यू १६०९) याने कॅल्व्हिनपंथाच्या कठोर पूर्वनियोजनाविषयी शंका घेतली : ईश्वराची कृपा माणसाला नाकारता येते, असे त्याचे मत होते. १६१० मध्ये त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचे निवेदन सादर केले. प्रश्न मिटवण्यासाठी १६१८-१९ मध्ये डॉर्डरेख्ट येथे धर्मसभा भरली. परदेशांतूनही पंडित आले. आर्मिनियसच्या अनुयायांना तेथे बरोबरीचे वादी म्हणून नव्हे, तर आरोपी म्हणून उभे करण्यात आले आणि जानेवारी १६१९ मध्ये अध्यक्षांनी त्यांना सभेबाहेर घालवले. त्यानंतर निकाल लागला : स्पष्ट, संपूर्ण आणि अंतिम.

१८/
त्या निकालाची किंमतही स्पष्ट होती. सुमारे २०० धर्मोपदेशकांची पदे गेली. पुष्कळांना देश सोडावा लागला. आर्मिनियसपक्षाला आश्रय देणारा वयोवृद्ध मुत्सद्दी योहान फान ओल्डेनबार्नेफेल्ट याचा मे १६१९ मध्ये हेगमध्ये शिरच्छेद झाला. कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियसला जन्मठेप झाली. १६२१ मध्ये पुस्तकांच्या पेटीत लपून तो किल्ल्यातून निसटला. या शिक्षांमागे राजपुत्र मॉरिसशी असलेला सत्तासंघर्ष होता, हे विसरून चालणार नाही. पण धर्मसभेच्या निकालाने त्या संघर्षाच्या हाती तयार शस्त्र दिले. रोममध्येही राजकारण होतेच. फरक एवढाच की, तेथील राजकारणाला असे शस्त्र मिळाले नाही.

१९/
दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रोमचे मौन म्हणजे सक्तीची मुस्कटदाबी होती. १६११ मध्ये कृपेच्या प्रश्नावर परवानगीवाचून ग्रंथ छापण्यास मनाई झाली. आणि तरीही वाद थांबला नाही. हे सारे खरे आहे. १६४० मध्ये यान्सेनचा ऑगस्टीनवरील ग्रंथ निघाला आणि फ्रान्स शतकभर ढवळून निघाला. १६५३ मध्ये रोमने त्यातील म्हणून पाच विधाने निषिद्ध ठरवली. आतील कृपेला माणूस कधीच नाकारू शकत नाही, हे त्यांपैकी एक. म्हणजे रोमने मध्य मोकळा ठेवला होता, पण कुंपणे काढली नव्हती. छपाईवरील बंदीचे समर्थन करता येत नाही. पण ‘प्रश्न खुला आहे’ ही घोषणा आणि ‘प्रश्नावर बोलू नका’ हा हुकूम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली शहाणपणाची होती, दुसरी भीतीची.

२०/
प्रश्न खुला ठेवूनही धर्माचे रोजचे काम अडले नाही, याची साक्ष मराठीतच आहे. मोलिनाच्याच येशूसंघातील इंग्रज धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला. रोमच्या आदेशानंतर नऊ वर्षांनी, १६१६ मध्ये, त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ राचोल येथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांच्या त्या ग्रंथात आदम-एवाच्या पतनापासून येशूच्या चरित्रापर्यंतची कथा साष्टीच्या श्रोत्यांसाठी मराठीत उतरली. अशी कथा सांगणाऱ्याला दोन्ही टोके लागतात. श्रोत्याला उपदेश करायचा, तर त्याच्यात बदलण्याचे सामर्थ्य मानावे लागते. त्याच श्रोत्यासाठी प्रार्थना करायची, तर ईश्वर मनात शिरून काम करू शकतो हेही मानावे लागते. उपदेशाच्या वेळी प्रत्येक धर्मगुरू थोडा मोलिना असतो आणि प्रार्थनेच्या वेळी थोडा बान्येझ.

२१/
१६०७ च्या आदेशाचे मोल येथे कळते. दोन पक्ष एकेक खरी गोष्ट जपत होते आणि त्यांना जोडणारा सांधा कोणाच्याच हाती नव्हता. अशा वेळी एकाला बाद करणे म्हणजे अर्धे सत्य बाद करणे. न सुटलेला प्रश्न जिवंतही राहतो. १९७० च्या दशकात अमेरिकन तत्त्वज्ञ ॲल्विन प्लँटिंगा यांनी दुष्टतेच्या समस्येवर लिहिले, आणि ‘माणूस अमुक परिस्थितीत काय करील’ या विधानांची चर्चा पुन्हा रंगली. ज्या ग्रंथावर आयोगाने बंदी सुचवली होती, तो मोलिनाचा ग्रंथ तत्त्वज्ञानाच्या वर्गांत पुन्हा उघडला गेला. निकाल लागला असता, तर तो फार तर पाखंडांच्या यादीतले एक नाव म्हणून उरला असता.

२२/
सत्तेला सर्वांत कठीण जाणारे वाक्य म्हणजे ‘हे अजून ठरलेले नाही’. ज्या पीठाने ते उच्चारले, त्याच पीठाने १६०० मध्ये जोर्दानो ब्रूनोला जाळले होते आणि १६३३ मध्ये गॅलिलिओला गुडघे टेकायला लावले. त्या दोन तारखांच्या मधोमध १६०७ ची ही तारीख उभी आहे. पहिल्या दोन तारखा सर्वांना पाठ असतात. तिसरीही लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण त्या दिवसांत माणसाच्या स्वातंत्र्यावर निवाडा करायला बसलेल्यांनी, निदान एकदा, माणसांना मतस्वातंत्र्य देऊन सभा संपवली.

#थ्रेड_समाप्त